गिरणीवरची दुसरी वेलांटी

फ्लेक्स नको, म्हणाली सुगंधाबाई.
मागच्या साली लावलेला पोळ्यालाच फाटला,
अर्धा वाऱ्यानं नेला पाथरी रोडवर,
अर्धा शेजारच्यांनी म्हशीखाली अंथरला.
मला रंगवून दे. ब्रशानं.
मुनीर पेंटर लिहायचे तसं.

मी हो म्हणून बसलो,
हाताला विचारायचं राहून गेलं.

अकरा वर्षं झाली.
दुकानात आता मशीन आहे, हप्त्यावरचं,
रात्र-रात्र चेहरे ओकणारं.
वाढदिवस, निवड, दहावा,
भाऊ, दादा, साहेब,
खाली चौतीस शुभेच्छुक, एकेकाचं तोंड बोराएवढं
आणि प्रत्येकाचं म्हणणं, माझं जरा मोठं कर.
तेही मीच करतो. वाईट करत नाही.
भाऊंच्या मागं सूर्य ठेवायचा की सिंह,
ह्यालाही नजर लागते,
हसू नका.

ब्रश सापडले बिस्किटाच्या डब्यात,
केस वाळून खिळे झालेले.
टर्पेंटाइनमध्ये रात्रभर ठेवले.
सकाळी सातातले दोन जागे झाले.

मुनीरभाई शिडीवर, मी खाली डबा धरून,
अशी सगळी मोंढ्याची भिंत आम्ही पार केली होती:
बियाणं, ठिबक, दातांचा दवाखाना.
मराठी डावीकडून लिहायचे, उर्दू उजवीकडून,
आणि विडी ओढायला बसायचे
बरोब्बर मधोमध.
जल्दी नको कर रे, म्हणायचे,
हरफ कू बैठने दे.
मला तेव्हा उभं राहायची घाई होती.

सुगंधाबाईच्या दीक्षानं दोरीचं एक टोक धरलं.
खडू चोळला, ताणली, टिचकी मारली:
भिंतीवर पांढरी रेघ उठली, सरळ,
आणि माझ्या छातीत उगीच धडधड,
पहिल्यांदा कुणाच्या घरी चहाला गेल्यासारखी.

आता 'गि'.
ही वेलांटी मोठी गमतीची,
बोलताना मागून येते, लिहिताना आधी उभी.
ती जमली. 'ग' जमला.
'र' खाली येताना थोडा थरथरला,
म्हटलं चालतंय, गिरणी सुरू झाली की भिंतही थरथरते.
मग 'णी',
आणि तिची ती शेवटची, लांब, खाली उतरणारी.
ब्रशात रंग जास्त झाला.
वेलांटी सुजली, गुडघ्यात वाकली,
आणि डाव्या हाताची दोन बोटं
माझ्या नकळत
हवेत कंट्रोल झेड दाबून गेली.

काही झालं नाही.
भिंत भिंतच राहिली.

खिशात फोन वाजायला लागला.
दहा बाय वीस, आज रात्रीच पाहिजे,
भाऊंच्या गालावरचा मस काढ,
मागच्या वेळी राहिला होता.
एका हातात फोन, एका हातात रॉकेलची चिंधी,
पुसावं का, पुसू नये.
सुगंधाबाई पायली घेऊन बाहेर आली,
मान तिरकी करून बघितलं.
राहू दे, म्हणाली,
जाड आहे तर लांबून दिसंल.

आणि खाली दर लिहू का, ज्वारीचा, डाळीचा?
दर बदलतो, म्हणाली. तो मी खडूनं लिहिते.
नाव तेवढं रंगव.

रात्री मशीनसमोर बसलो.
मस काढला. सिंह ठेवला, सूर्यही ठेवला.
चौतीस तोंडं ओळीत बसवली.
माऊसच्या डाव्या बटणावर
निळा डाग पडला, तो तसाच राहू दिला.

घरी जाताना गिरणीवरून गेलो.
बंद होती. मोबाइलचा उजेड टाकला.
संध्याकाळची दळणं होऊन गेलेली,
अक्षरं अजून ओली,
त्यांच्यावर बारीक पीठ बसलेलं,
दुसऱ्या वेलांटीवर जरा जास्त.

सकाळी झटकून दुसरा हात मारावा लागंल,
नऊच्या आत,
दुकान उघडायच्या आधी.